मेलबर्नला अडकलेली गोधडी

हवेलाही भाडं पडतं, हे मला बुलढाण्यातल्या एका कुरियरच्या काउंटरवर कळलं.

कॅनडाची पहिली ऑर्डर होती. एक डबल गोधडी. घरी काट्यावर वजन करून, भाड्याची चौकशी करून, भाड्यासकट किंमत तिकडच्या गिऱ्हाईक बाईंना कळवून मी खोकं घेऊन गेले होते. तिथल्या माणसाने वजन केलं. ते माझ्या आकड्याशी जुळलं. मी मनात खूश. मग त्याने खिशातून टेप काढला आणि खोक्याची लांबी, रुंदी, उंची मोजायला लागला.

"हे काऊन मोजता?" मी विचारलं.

"बाई, विमानात वजन दोन असतात. एक काट्याचं अन् एक जागेचं. जे जास्त निघन, त्याचे पैसे."

गोधडी हलकी असते, पण फुगलेली असते. जागेचं वजन काट्याच्या वजनाच्या कितीतरी वर गेलं आणि भाडं गोधडीच्या किमतीच्या वर.  खोकं मांडीवर घेऊन एसटीने मी मेहकरला परत आले.

मेहकरला आमचं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, परकर, ब्लाउजपीस. दुकान आमचे हे बघतात. मागच्या खोलीत मी गोधड्यांचा धंदा करते. आधी ओळखीच्यांना, मग फोनवर फोटो टाकून पुण्या-मुंबईला, मग बंगळूरला. लोक घरातल्या जुन्या साड्या, धोतरं, चादरी पाठवतात, आमच्या बाया त्यांची गोधडी शिवतात, मी ती परत पाठवते. गिऱ्हाइकाला आपल्याच माणसांचे कपडे अंगावर घ्यायला मिळतात, यातच सगळा धंदा आहे. नुसत्या गोधड्या बाजारात पुष्कळ मिळतात.

मला याद्या करायची सवय आहे. आलेल्या साड्यांची यादी, कोणत्या बाईकडे काय दिलं त्याची यादी, पार्सल बंद करण्यापूर्वी बघायच्या गोष्टींची यादी. आमचे हे म्हणतात, "ही झोपेतही खुणा करत असन." म्हणू देत. देशातल्या देशात माझं एकही पार्सल कधी चुकलं नव्हतं. त्यामुळे परदेशाचं काम म्हणजे पत्ता जरा लांबचा, एवढंच मी धरून चालले होते.

जागेच्या वजनावर उपाय म्हणून मी हवा ओढून घ्यायच्या पिशव्या मागवल्या. गोधडी आत घालायची, तोंड बंद करायचं आणि यंत्राने हवा ओढायची. गोधडीची पार पाटी होते. आमचे हे सुरुवातीला वर बसले, कारण यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. छोट्याशा खोक्यात ती पाटी बसवून मी पुन्हा बुलढाण्याला गेले. त्या माणसाने खोकं काउंटरवर ठेवलं, टेप काढला, आणि आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत खोक्याची एक बाजू हळूहळू वर यायला लागली. पिशवीला कुठेतरी भोक होतं.

"बाई, हे तं फुगून राह्यलं!" तो ओरडला. रांगेतले लोक मागे सरकले. मी खोक्यावर दोन्ही हात दाबून धरले आणि म्हटलं, "मोजा लवकर!"

त्याने मोजलं नाही. पण हसला, आणि नंतर बरंच शिकवलं. निर्यातीसाठी वेगळा सरकारी क्रमांक घ्यावा लागतो. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक आकडा ठरलेला असतो आणि कागदावर तोच लिहायचा असतो. गोधडीचा आकडा शोधताना मात्र सगळे अडले. कागदपत्रं करणाऱ्या एजंटाने विचारलं, माल नवा की वापरलेला? मी म्हटलं, गोधडी नवी, साड्या जुन्या. तो म्हणाला, असा रकानाच नाही. वापरलेले कपडे म्हटलं तर काही देश घेत नाहीत, नवा माल म्हटलं तर खोटं. शेवटी 'जुन्या कापडापासून हाताने शिवलेली' असं लिहायचं ठरलं. या एका ओळीसाठी माझ्या किती फेऱ्या झाल्या, ते लिहीत बसत नाही.

कॅनडाची गोधडी अखेर पोचली. बाईंनी पाच तारे दिले, खाली फोटो टाकला. फोटोत आमच्या गोधडीवर एक मोठा केसाळ कुत्रा पसरला होता. खाली लिहिलं होतं, त्याला फार आवडली.

मी फोन हातात धरून बसूनच राहिले. महिनाभर बोटं झिजवून शिवलेली गोधडी! जमीलाखालांना दाखवावं की नाही, याचा विचार केला आणि दाखवलं. खाला अमडापूरच्या. आमच्याकडे शिवणाऱ्यांत सगळ्यांत जुन्या, सगळ्यांत बारीक टाक्याच्या आणि सगळ्यांत तिखट. त्यांनी चष्मा वर करून फोटो पाहिला.

"पोसलेला हाय," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अजून एखादा कुत्रा असन तिच्याकडं तं इचारून पाह्य. दुसरी देऊ शिवून."

असे धक्के पचवत धंदा वाढत होता. प्रत्येक धक्क्यानंतर माझ्या यादीत एक ओळ वाढायची आणि मला वाटायचं, आता सगळं आलं. तेवढ्यात अनघाची गोधडी आली.

अनघा मूळची इकडचीच, चिखली तालुक्यातली. शेतकरी घर. ती आता ऑस्ट्रेलियात मेलबर्नला असते. आई गेली म्हणून आली होती. तेरावं झाल्यावर परत जाण्याच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली, चादरीत बांधलेलं गाठोडं घेऊन. आईच्या साड्या. दोन नऊवारी, बाकी पाचवारी, रोजच्या वापरातल्या. भारी साड्या भावजयीकडे ठेवल्या होत्या.

"काकू, मला त्या नकोच होत्या," ती म्हणाली. "या हव्यात. या तिच्या अंगावर बघितल्यात मी."

मी साड्यांची यादी केली, तिला वाचून दाखवली, तिने मान हलवली. सांगितलं की एकही तुकडा उरवू नका, सगळं आत घ्या. हे काम मी खालांना दिलं. दुसऱ्या कोणाला देण्याचा प्रश्नच नव्हता.

गोधडी झाली तेव्हा मी ती मागच्या खोलीत पसरून नुसती बघत राहिले. नऊवारीचे काठ चारी बाजूंनी, मध्ये पाचवाऱ्यांचे चौकोन, आणि सगळीकडून धावदोऱ्याचे टाके, जशा पेरणीच्या तासांच्या ओळी. मी धुळीपासून सुईपर्यंत सगळं तपासलं. ऑस्ट्रेलियाचे नियम कडक, हे मी वाचून ठेवलं होतं. लाकूड नको, पानं नकोत, बी-बियाणं नको, माती नको. हळदीकुंकवाची पुडीही मी घातली नाही, एरवी घालते. कागदावर लिहिलं, आत कापडाशिवाय काहीही नाही. सही केली. पाठवली.

मग एका सकाळी अनघाचा फोन. आवाज बसलेला.

"काकू, तुम्ही आत काय घातलंत?"

"काही नाही गं. का?"

"फोटो पाठवलाय. बघा."

फोटोत पांढराशुभ्र ट्रे होता. ट्रेमध्ये आमच्या गोधडीचा एक कोपरा उसवून उलटा केलेला. शेजारी मोजपट्टी, आणि मोजपट्टीच्या कडेने ओळीत मांडून ठेवलेले गव्हाचे दाणे.

 आमच्या मागच्या खोलीत गहू नसतो. कुरियरवाल्याकडे नसतो. आणि बंद शिवलेल्या कोपऱ्याच्या आत गहू जाईल कसा?

अनघाने जे सांगितलं ते असं. तिकडे टपाल तपासणारं सरकारी खातं आहे. बाहेरचं बी आत आलं की पिकांना रोग लागतो म्हणून ते फार कडक. यंत्रात त्यांना कोपऱ्यात दाणे दिसले. आता तीन वाटा. पहिली, गोधडी भारतात परत. दुसरी, त्यांच्याकडे ठरलेल्या पद्धतीने प्रक्रिया. तिसरी, जाळून टाकणं. मुदतीत उत्तर गेलं नाही तर तिसरी.

"काकू, जाळतील ते," ती म्हणाली. "आईला एकदा जाळलंय. परत नाही बघू शकत मी."

मी तिला म्हटलं, फोन चालू ठेव, मी विचारते. आणि अमडापूरला खालांना फोन लावला.

"खाला, गोधडीच्या कोपऱ्यात दाणे कोणी घातले?"

"मीच. आणखी कोण घालन?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी चार दाणे टाकायचेच असतात ना, बाई. बरकतीचे. रिकाम्या पोटाचं पांघरूण कोणाच्या अंगावर द्यायचं असते का?"

"म्हणजे आजपर्यंतच्या सगळ्या गोधड्यांत...?"

"सगळ्या. तुमच्या अंगावरच्याबी."

मी खुर्चीवर बसले. ज्या गोधड्या मी दर वेळी उलट्यापालट्या करून तपासल्या, ज्यांच्यासाठी एवढ्या याद्या केल्या, त्या प्रत्येकीच्या कोपऱ्यात दाणे होते. गोधडीला शेवटी कडेने गोट म्हणजे कापडाची पट्टी लावतात आणि त्यातच शेवटचा कोपरा मिटतो. दुमड जाड असते, हाताला काही लागत नाही. कुत्र्याच्या गोधडीतही होते म्हणजे. कॅनडाने कसे जाऊ दिले, देव जाणे.

खाला पुढे म्हणाल्या, "पण तुम्ही काऊन घाबरून राह्यल्या? जवारीच तं हाय."

"ज्वारी नाही खाला. गहू आहेत. फोटो आलाय."

 खालांचा आवाज खाली आला.

"मंग ते माझे नाही. ते तिच्या मायचे होय."

त्यांनी सांगितलं ते ऐकून मला दुसऱ्यांदा बसल्याजागी धक्का बसला. साड्या कापण्याआधी खाला प्रत्येक साडीवरून हात फिरवतात, टाचणी वगैरे राहिली असेल म्हणून. एका हिरव्या पाचवारीच्या पदराच्या टोकाला गाठ होती. सोडली तर आत गहू. थोडेसेच. मेलेल्या बाईने बांधून ठेवलेलं फेकायचं कसं, म्हणून त्यांनी आपली ज्वारी टाकलीच नाही, तेच दाणे कोपऱ्यात घातले.

"मले सांगितलं काऊन नाही?"

"यात सांगायचं काय होतं? तिचं तिलेच चाललं होतं."

अनघा दुसऱ्या फोनवर वाट बघत होती. मी तिला एवढंच सांगितलं की शिवणाऱ्या बाईंची रीत आहे, चुकून राहिले. तिने ते तिकडे कळवलं. तासाभरात उत्तर आलं, बरं उत्तर. फक्त दाणेच असतील तर अधिकारी चारही कोपरे उसवून दाणे काढून नष्ट करतील, बाकी कापड तपासतील आणि गोधडी देतील. अनघाचा जीव भांड्यात पडला. "काकू, सही करते. फेकू देत ते दाणे. गोधडी मिळतेय ना!"

आता इथे मी गप्प बसले असते तर सगळं सरळ झालं असतं. गोधडी हमखास मिळाली असती, माझ्या नावावरचा डाग पुसला असता. दुसरा मार्ग महागडा होता आणि धोक्याचा. प्रक्रिया म्हणजे बंद खोलीत किरणांचा मारा. त्याने बी मरतं, ते पुन्हा कधी उगवत नाही, म्हणून मग ते आत राहिलं तरी चालतं. पण जुन्या कापडाचं काय होईल याची जबाबदारी ते घेत नाहीत. साड्या विरू शकतात, रंग जाऊ शकतो. मी मनात दोन रकाने मांडले. एकीकडे अख्खी गोधडी, दुसरीकडे चिमूटभर गहू. हिशेब अगदी स्वच्छ होता.

दुपारी खाला अमडापूरहून बसने आल्या. दुकानात न थांबता थेट मागच्या खोलीत.

"सांगितलं तिले?"

"खाला, सांगून काय करायचं? गोधडी सुटतेय. उगाच त्या पोरीच्या जिवाला घोर."

"तिचं हाय, बाई. तुमचं नाही अन् माझंबी नाही. फेकायचं असन तं ती फेकन. पण ते काय हाय, हे मालूम असून फेकन."

आमचे हे मधल्या दारात उभे राहून ऐकत होते. ते कधी या धंद्यात बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "लाव फोन."

मी लावला. सांगितलं. हिरवी साडी, पदराची गाठ, आत गहू.

  तिने विचारलं, "हिरवी म्हणजे बारीक चौकड्यांची?"

मी यादी बघितली. तशीच नोंद होती. "हो."

"काकू, ते माझ्या ओटीतले आहेत."

मागच्या वेळी ती आली होती तेव्हाची गोष्ट. निघताना आईने ओटी भरली. घरच्या शेतातले गहू, नारळ, ब्लाउजपीस. आणि अनघा म्हणाली, आई, तिकडे दाणे नेता येत नाहीत, विमानतळावर दंड करतात. आई म्हणाली, थोडे तरी ने. ती म्हणाली, एकही नाही. आणि अंगणात गाडी उभी असताना तिने ओटीतले गहू आईच्या पदरात परत ओतले. आईने पदर मुठीत गोळा केला. त्यानंतर त्यांची भेट झाली नाही.

"मला वाटलं तिने ते कणगीत टाकले असतील," अनघा म्हणाली.   खालांना ओटीची सगळी रीत माहीत होती, त्यांनी डोळ्याला पदर लावला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मला धक्का याचा बसला होता की त्या गाठीतल्या दाण्यांनी इकडच्या सगळ्या तपासण्या ओलांडल्या होत्या. माझी, कुरियरवाल्याची, इथल्या विमानतळाची.

अनघाने विचारलं, "काकू, प्रक्रियेत साड्या खराब होतील?"

"होऊ शकतात. मी खोटं नाही सांगणार."

"आणि गहू मरतील."

हे तिने मला विचारलं, पण उत्तर खालांनी दिलं. फोनजवळ तोंड नेऊन त्या म्हणाल्या, "बेटी, पेरायचे कुठं होते ते? सोबत द्यायचे होते."

अनघाने प्रक्रियेच्या कागदावर सही केली.

गोधडी तिकडच्या खात्यात अडकून होती तोवरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. त्याच काळात मी नियम केला, परदेशी जाणाऱ्या गोधडीत दाणा घालायचा नाही. सगळ्या बायांना निक्षून सांगितलं. बाकीच्यांनी मान हलवली. खालांनी पुढची गोधडी आणली ती एक कोपरा उघडा ठेवून.

"हे राहिलं की," मी म्हटलं.

"राहिलं नाही, ठेवलं. उपाशी कोपरा माझ्या हातून नाही मिटत. तुमचा कायदा हाय, तुम्ही शिवा."

मी समजावलं, रागावले, मजुरी वाढवून देते म्हटलं. त्या हसल्या. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या त्यांच्या प्रत्येक गोधडीचा शेवटचा कोपरा मी शिवते. मला मॅचिंग कळतं, शिवण येत नाही. जर्मनीच्या एका गिऱ्हाइकाने कळवलं की काम अप्रतिम आहे, फक्त एक कोपरा बहुधा लहान मुलाने शिवलाय, तोही गोड वाटला. खालांना वाचून दाखवलं तर त्या दिवसभर मला "काय गं पोरी" म्हणत होत्या.

मेलबर्नची गोधडी सुटली. हिरव्या साडीचा रंग उतरला, एका चौकोनाचं कापड हात लावताच फाटेल असं झालं. बाकी शाबूत. दाणे त्यांनी एका पारदर्शक पिशवीत बंद करून, वर शिक्का मारून, गोधडीसोबत दिले होते. कोपरा उघडाच होता.

अनघाने व्हिडिओ कॉल लावला तेव्हा खाला माझ्याकडेच होत्या. सकाळची वेळ, दुकान नुकतंच उघडलेलं. तिने गोधडी जमिनीवर अंथरली होती. तिने कधी सुई धरली नव्हती, हे दिसतच होतं.

"पहिले पिशवी काप," खाला म्हणाल्या. "प्लास्टिकसकट नको घालू. हां. आता दाणे मोकळे टाक. आत, आणखी आत."

तिने टाकले. पिशवी उलटी करून झटकली.

"आता दुमड. अशी नाही गं! तुह्या मायनं काही शिकवलं का नाही?" हे बोलून खाला स्वतःच थबकल्या.

अनघा मात्र हसली. गाठोडं घेऊन माझ्याकडे आली तेव्हापासून पहिल्यांदा. "शिकवत होती, खाला. मी पळून जायचे."

"आता कुठं पळशीन? घाल टाका. धागा ओढू नको, कापड जुनं हाय, धागा नुसता बसव. हां. अजून एक. आता त्याच्याच बाजूनं."

ती टाके घालत होती आणि खाला एकेका टाक्याला हां म्हणत होत्या. सुई बोटात घुसली, तिने बोट तोंडात घातलं, खाला म्हणाल्या, घुसतेच. टाके वेडेवाकडे, माझ्याहून वाईट. पण कोपरा मिटला. तिने धागा दाताने तोडला आणि पुढे काय करायचं ते न कळून कॅमेऱ्याकडे बघितलं.

"आता काय?"

"आता घे अंगावर."

तिने फोन कशाला तरी टेकवून ठेवला, तिथेच जमिनीवर आडवी झाली आणि गोधडी डोक्यापर्यंत ओढून घेतली. आम्हाला फक्त नऊवारीचा काठ दिसत होता. तो हलत होता, मग हळूहळू हलायचा थांबला. मला काही बोलावंसं वाटलं. पोचल्याची पावती, रंग उतरल्याबद्दल दिलगिरी, बरंच काही बोलायचं ठरवून ठेवलं होतं.

खालांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ठेवा फोन, बाई. झोपू द्या तिले."

तिकडे भर दुपार होती. मी फोन ठेवला.